हिवाळ्यासाठी फॅट बाइकची बांधणी: सुट्या भागांची निवड कोणत्या क्रमाने करावी?

उत्तरवाट

नमस्कार मंडळी. येत्या हिवाळ्यात बर्फावर चालवण्यासाठी फॅट बाइक, म्हणजे खूप रुंद टायरची सायकल, तयार न घेता सुटे भाग निवडून स्वतः बांधायची, असे मी ठरवले आहे. सध्या माझ्याकडे क्रोमोली पोलादाची एक वापरलेली फ्रेम आणि तिच्याबरोबरचा रिजिड, म्हणजे स्प्रिंग नसलेला, फोर्क एवढेच आहे. मागच्या ड्रॉपआउटमधले (चाक बसण्याच्या खाचांमधले) अंतर १७७ मिलिमीटर आहे आणि तिथे १२ मिलिमीटरचा थ्रू ॲक्सल (आरपार जाणारा आस) बसतो. पुढे फोर्कचे माप १५० मिलिमीटर असून ॲक्सल १५ मिलिमीटरचा आहे. बॉटम ब्रॅकेटचे, म्हणजे क्रँकची धुरी जिथे बसते त्या भागाचे, कवच १०० मिलिमीटर रुंद आणि आतून आटे असलेले आहे. मागचा टायर जिथे येतो तिथे दोन चेनस्टेमधली (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांमधली) मोकळी जागा मी मोजली, ती ११४ मिलिमीटर भरली.

बहुतेक फेऱ्या स्नोमोबाइलने दाबून घट्ट केलेल्या वाटांवर होतील, अधूनमधून ताज्या बर्फातून जावे लागेल आणि वाटेत एक गोठलेला तलाव ओलांडायचा आहे. तापमान बहुधा उणे १० ते उणे २० अंशांच्या दरम्यान असते. काही दिवस ते उणे ३० पर्यंतही उतरते.

मला विचारायचे आहे ते असे. निवडीची सुरुवात कोणत्या भागापासून करावी? एक निर्णय घेतला की पुढचे कोणते निर्णय आपोआप ठरून जातात? आणि कडाक्याच्या थंडीत सगळ्यात आधी दगा कोणता भाग देतो?

रुंदचाक

सुरुवात जमिनीपासून करा आणि तिथून वर जा: आधी टायर, मग रिम, मग हब (चाकाचा मधला तुंबा) आणि सगळ्यात शेवटी क्रँक (पेडलांचे दांडे). उलट दिशेने निघालेली माणसे सुंदर हब हातात घेऊन बसतात आणि त्याला साजेसा टायर फ्रेममध्ये मावत नाही.

टायर जिथे बर्फाला टेकतो तिथला दाब ढोबळमानाने टायरमधल्या हवेच्या दाबाइतकाच असतो, ही एक गोष्ट मनात पक्की केली तर पुढचे बरेचसे गणित सोपे होते. स्वार, सायकल आणि सामान मिळून वजन १०० किलो धरू. दोन्ही टायरमध्ये ३० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) हवा असेल तर दोन्ही चाके मिळून जमिनीला सुमारे ४७ चौरस सेंटिमीटर टेकतील. तोच दाब ६ पीएसआयवर आणला की टेकणारे क्षेत्र सुमारे २३७ चौरस सेंटिमीटर होते आणि सायकल बर्फात रुतायची थांबते. म्हणजे बर्फावर आपल्याला उचलून धरतो तो कमी दाब. टायरच्या रुंदीचे काम इतकेच की एवढ्या कमी दाबावरही रिम खाली आपटू नये आणि टायर आडवा लोळू नये. त्यामुळे ५ इंची टायरमध्ये १५ पीएसआय भरून फिरणाऱ्यापेक्षा ४ इंची टायरमध्ये ५ पीएसआय ठेवणारा ताज्या बर्फात पुढे निघून जातो.

आता तुमची फ्रेम. ४ इंची टायर ८० मिलिमीटरच्या रिमवर बसवला की साधारण १०० मिलिमीटर भरतो. ११४ मधून १०० गेले की दोन्ही बाजूंना ७-७ मिलिमीटर उरतात, आणि चिखलापेक्षा चिवट असलेला ओला बर्फ तिथे साठणार असल्यामुळे ही जागा चैन नसून गरज आहे. ४.८ इंची टायर या फ्रेममध्ये घालण्याचा विचार सोडून द्या. नावापेक्षा अरुंद भरला तर तो कदाचित फिरेल, पण ओल्या बर्फाचा पहिला थर चेनस्टेवर बसला की घासू लागेल. टायर नवा असताना मोजलेल्या मापावरही विसंबू नका; हवा भरून दिवसभर ठेवल्यावर तो किंचित फुगतो, तेव्हा पुन्हा मोजा.

टायर घेताना नक्षीपेक्षा कापडाकडे अधिक लक्ष द्या. ६० टीपीआयच्या (कापडात इंचाला ६० धागे असलेल्या) जाड धाग्यांचा टायर थंडीत ताठ होतो आणि कमी दाबावर प्रत्येक फेऱ्याला दुमडताना ताकद खातो. १२० टीपीआयचा टायर तुलनेने मऊ राहतो. ज्याला तासन्‌तास बर्फात पेडल मारायचे आहे त्याने पैसे वाचवायची जागा ही नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

उत्तरवाट

मनापासून आभार. ८० मिलिमीटरची रिमच का, हे मात्र मला नीट समजले नाही. १०० मिलिमीटरच्या रिमही मिळतात. टायर जितका पसरेल तितके चांगले, असे नाही का?

रुंदचाक

पसरवण्याला मर्यादा आहे. रिम रुंद झाली की टायरचा माथा सपाट होतो आणि कडेच्या रबराच्या गुठळ्या जमिनीला टेकू लागतात. काही मर्यादेपर्यंत हे हवेच असते, कारण उतारावर आडवे जाताना त्याच कडा पकड देतात. पण ४ इंची टायर १०० मिलिमीटरच्या रिमवर चढवला तर तो चौकोनी होतो, बाजूच्या भिंती रिमच्या आडोशाला राहत नाहीत आणि कमी दाबावर हँडल आपोआप एका बाजूला ओढले जाऊ लागते. १०० मिलिमीटरची रिम ४.८ ते ५ इंची टायरसाठी ठीक. ४ इंची टायरला ६५ ते ८० मिलिमीटर पुरेसे आहे. दाबलेल्या वाटाच अधिक असतील तर ६५ ची हलकी रिम घ्या. ताजा बर्फ वारंवार लागत असेल तर ८० ची घ्या.

एक बारकावा चाक बांधताना उपयोगी पडेल. पुष्कळ फॅट रिमवर आऱ्यांची भोके मध्यरेषेवर नसून दोन समांतर ओळींत असतात. डाव्या फ्लँजचे (आरे अडकवायच्या हबच्या कडेचे) आरे कोणत्या ओळीत न्यायचे हे आधी ठरवा, प्रत्यक्ष हातात आलेल्या रिमचा परिणामी व्यास (आऱ्यांची टोके जिथे टेकतात तिथला व्यास) मोजा आणि मगच आऱ्यांची लांबी काढा. छापील आकड्यांवर भरवसा ठेवून आरे आधी मागवू नयेत.

जुनीवाट

थंडीत आधी दगा कोण देते, या प्रश्नाचे माझे उत्तर फ्रीहब (मागच्या हबमधला एकाच दिशेने पकडणारा भाग) असे आहे, आणि त्यामागे या सायकलींचा इतिहासच उभा आहे.

१९८७ मध्ये अलास्कात इडिटाबाइक ही बर्फावरची लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली तेव्हा लोक साध्या माउंटन बाइकवरच धावत होते. रुंद ठशासाठी काहींनी दोन रिम शेजारी शेजारी जोडून पाहिल्या. पुढे फेअरबँक्समध्ये तयार झालेली स्नोकॅट ही ४४ मिलिमीटरची रिम तिथल्या हिवाळी स्वारांची नेहमीची रिम झाली. २००५ मध्ये सर्ली या अमेरिकी कंपनीने पग्सली ही सायकल ६५ मिलिमीटरच्या लार्ज मार्ज रिम आणि ३.७ इंची एंडोमॉर्फ टायर यांच्यासह बाजारात आणली आणि फॅट बाइक मोठ्या संख्येने बनू लागली. तेव्हा आजच्यासारखे १७७ किंवा १९७ मिलिमीटरचे हब सहज मिळत नव्हते. म्हणून पग्सलीत साधे १३५ मिलिमीटरचे हब वापरून मागचा हबच १७.५ मिलिमीटर चेनच्या बाजूला सरकवून बसवला होता, म्हणजे रुंद टायर चेनला घासत नसे. पुढचा फोर्कही त्याच मापाचा आणि तसाच सरकवलेला होता. त्यामुळे पुढचे आणि मागचे चाक अदलाबदल करता येई. दूरच्या निर्जन वाटेवर जाणारे काही स्वार पुढच्या चाकात एकच गिअर लावलेला हब ठेवत. मागचा फ्रीहब गोठला तर चाके बदलून घरी परतता यावे, यासाठी ही तरतूद होती.

आज आपल्याकडे तशी सोय नाही, कारण १५० आणि १७७ ही मापे वेगळी आहेत. म्हणून फ्रीहबची तयारी आधीच करावी लागते. फ्रीहबच्या आत पॉल नावाचे छोटे अडसर असतात आणि बारीक स्प्रिंग त्यांना दात्यांवर ढकलत असतात. कारखान्यात भरलेले जाड ग्रीस उणे २० च्या खाली इतके घट्ट होते की स्प्रिंगला पॉल उचलता येत नाहीत. पेडल दोन्ही दिशांना मोकळे फिरते आणि सायकल जागची हलत नाही. निम्मेच पॉल बसले तर ते अधिक वाईट, कारण सगळा जोर त्यांच्यावर येऊन ते तुटतात. हब घेताना तो अवजारांशिवाय किंवा अगदी साध्या अवजारांनी उघडता येतो का, ते पाहा. उघडा, जुने ग्रीस पूर्ण पुसून काढा आणि कमी तापमानासाठी बनवलेल्या पातळ ग्रीसचा किंवा हलक्या तेलाचा पातळ थर द्या. असे वंगण लवकर उडून जाते, त्यामुळे हिवाळ्यात मधूनमधून पुन्हा उघडावे लागेल. ते काम मनापासून करायची तयारी ठेवा. सीलबंद बेअरिंगमधले ग्रीस घट्ट झाले तर चाक जड फिरते इतकेच. तो त्रास आहे, अडचण नव्हे.

शीतगती

जुनीवाट यांच्याशी पूर्ण सहमत. मी ब्रेकविषयी लिहितो, कारण तिथे निवड हायड्रॉलिक की केबलची, असा चुकीचा प्रश्न विचारला जातो. खरा प्रश्न आत कोणता द्रव आहे, हा आहे.

डॉट (अमेरिकी परिवहन खात्याच्या मानकाच्या) वर्गातल्या ब्रेक द्रवांना उणे ४० अंशांवरच्या घट्टपणाची मर्यादा मानकानेच घालून दिलेली आहे. डॉट ४ साठी ती १८०० सेंटिस्टोक (घट्टपणाचे एकक) आहे आणि डॉट ५.१ साठी ९००. म्हणजे ५.१ हा उणे ४० वरही तुलनेने अधिक वाहता राहतो. सायकलच्या ब्रेकमधल्या खनिज तेलाला असे एकच सामाईक मानक नाही. प्रत्येक उत्पादकाचे तेल वेगळे, आणि त्यातली बरीचशी कडक थंडीत मंदावतात: लिव्हर दाबला की ब्रेक लागतो, पण सोडल्यावर पॅड सावकाश मागे येतात. तुमच्याकडे उणे ३० असल्यामुळे हायड्रॉलिक घ्यायचे असतील तर डॉट द्रवाचेच घ्या. हा द्रव हवेतले पाणी शोषतो, म्हणून हिवाळा सुरू होण्याआधी तो बदलून घ्या. आणि डॉटच्या ब्रेकमध्ये खनिज तेल किंवा खनिज तेलाच्या ब्रेकमध्ये डॉट कधीही भरू नका. सील फुगून ब्रेक निकामी होतात.

केबलचे डिस्क ब्रेक हा दुसरा चांगला मार्ग आहे. त्यात गोठणारा द्रव नसला तरी आवरणात शिरलेले पाणी गोठते, म्हणून लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत अखंड आवरण टाका आणि त्याची दोन्ही टोके बंद करा. बर्फावर वेग कमी असल्यामुळे १६० मिलिमीटरचे रोटर (ब्रेकच्या चकत्या) पुरतात.

हिमपथिक

शीतगती यांचे म्हणणे बरोबर आहे, तरी माझा कल स्पष्टपणे केबलकडे आहे. उणे ३० मध्ये केबल तुटली तर जाड हातमोजे घालूनही ती बदलता येते. हायड्रॉलिकचा सील आकसून गळू लागला तर वाटेत काहीही करता येत नाही. वस्तीपासून दूर जाणाऱ्याने दुरुस्त होऊ शकणारा भाग निवडावा.

याच तत्त्वाने सस्पेन्शन फोर्कही टाळावा. डँपरमधले (धक्का शमवणाऱ्या भागातले) तेल घट्ट होते, हवेच्या स्प्रिंगचा दाब उतरतो आणि फोर्क जड काठी होऊन बसतो. ५ पीएसआयवरचा टायर धक्के पुरेसे सोसतो. तुमच्याकडे रिजिड फोर्क आहे, तो तसाच राहू द्या. उंची बदलणारा सीटपोस्टही नको.

उत्तरवाट

फोर्कचा प्रश्न मिटला आणि केबलचे ब्रेक नक्की केले. आता क्रँककडे येतो. मला एक क्रँक चांगल्या स्थितीत मिळत आहे, पण तो १९७ मिलिमीटरच्या फ्रेममधून काढलेला आहे. तो बसेल का?

दातेधारी

बसवता येणे आणि योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १७०/१७७ मिलिमीटर हबसाठीची चेनलाइन, म्हणजे सायकलच्या मध्यरेषेपासून चेनरिंगपर्यंतचे अंतर, साधारण ६६.५ मिलिमीटर धरतात. १९०/१९७ साठी ते ७६.५ च्या आसपास असते. तो क्रँक तुमच्या फ्रेमवर लावला तर चेनरिंग सुमारे १० मिलिमीटर बाहेर जाईल. मागच्या सर्वांत मोठ्या दातेरी चकतीवर चेन तिरपी पडेल, आवाज करेल आणि पेडल थोडे मागे फिरवताच उतरेल. बर्फात हाच गिअर सर्वाधिक वापरला जातो, म्हणून ही तडजोड करू नये. शिवाय त्या क्रँकमध्ये दोन पेडलांमधले अंतर अधिक असते. रुंद पाय ठेवून तासन्‌तास पेडल मारले की काहींचे गुडघे दुखू लागतात. ४ इंची टायरच्या फ्रेमचा मोठा फायदा म्हणजे पाय तुलनेने जवळ राहतात. तो हातचा घालवू नका. १०० मिलिमीटरचे कवच आणि १७७ चे हब या दोन्हींसाठी बनवलेलाच क्रँक घ्या.

पुढे एकच चेनरिंग ठेवा, २८ दात्यांची. मागे ११ ते ५० दात्यांची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) लावली तर सर्वांत हलक्या गिअरमध्ये पेडलाच्या एका फेऱ्यात चाक ०.५६ फेरा फिरते. ४ इंची टायरच्या २६ इंची चाकाचा परीघ साधारण २.३ मीटर असतो. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी पावणेपाच किलोमीटरच्या आतबाहेर येतो. यापेक्षा हळू जायचे तर उतरून चालणे बरे, म्हणून याहून हलका गिअर शोधण्यात अर्थ नाही. गिअर बदलायला केबलच ठेवा. विजेवर बदलणाऱ्या गिअरच्या बॅटरीची क्षमता थंडीत उतरते. चेनला घट्ट ओले तेल न लावता मेण किंवा पातळ वंगण लावा.

बांधणी पूर्ण झाल्यावर चेन सर्वांत मोठ्या चकतीवर ठेवा आणि चेन व टायर यांच्यामधली फट पाहा. टायर कमी दाबावर थोडा डोलतो, त्यामुळे स्थिर उभ्या सायकलवर ५ मिलिमीटर तरी फट दिसली पाहिजे.

हिमपथिक

पेडल सपाट आणि नायलॉनचे घ्या. धातूचे पेडल तळव्यातली उष्णता शोषत राहते. बुटाला अडकणाऱ्या पेडलात बर्फ भरून त्याचा दगड होतो, आणि हिवाळी बूट तसेही रुंद असतात. क्रँकला टाच घासत नाही ना, ते बूट घालूनच तपासा. हँडलवर पोगी, म्हणजे हात आत घालायची जाड पिशवी, नक्की लावा. ती लावल्यावर आत पातळ हातमोजा पुरतो आणि ब्रेकवर बोटांचा ताबा राहतो.

उत्तरवाट

दोन प्रश्न उरले आहेत. ट्यूब ठेवावी की ट्यूबलेस (ट्यूबशिवायचे टायर) करावे? आणि तलावासाठी धातूच्या खिळ्यांचे टायर आवश्यक आहेत का?

शीतगती

तलाव वाटेतच असेल तर खिळे हवेतच. नुसत्या रबराला गुळगुळीत बर्फावर जवळजवळ काहीच पकड मिळत नाही, मग ते कितीही रुंद असो. टंगस्टन कार्बाइडच्या टोकांचे खिळे घ्या, साध्या पोलादाचे लवकर झिजतात. एकच टायर परवडत असेल तर तो पुढे लावा. मागचे चाक घसरले तर सायकल सावरता येते, पुढचे घसरल्यावर सावरायला वेळच मिळत नाही. नवे खिळे पक्के बसावेत म्हणून पहिले काही किलोमीटर कठीण रस्त्यावर, जोरात ब्रेक न लावता चालवा.

रुंदचाक

ट्यूबलेस करा. वजन हे एक कारण आहे. ४ इंची टायरची साधी ट्यूब ४०० ते ५०० ग्रॅम भरते आणि ते वजन चाकाच्या काठावर फिरत असते. पण त्याहून महत्त्वाचे कारण वेगळे आहे. ४-५ पीएसआयवर टायर रिमवर घट्ट धरलेला नसतो. जोर लावला की तो हळूहळू रिमवरून सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो. ट्यूबलेससाठी बनवलेल्या रिमला आत टायरची कड अडकवणारा उंचवटा असतो, तो कमी दाबावरही कड धरून ठेवतो. म्हणून रिम निवडतानाच हा उंचवटा आहे याची खात्री करा. वजन कमी करण्यासाठी मोठी भोके पाडलेली रिम असेल तर टेप रुंद आणि भक्कम लागेल. सीलंट (गळती बुजवणारा द्रव) कोणत्या तापमानापर्यंत पातळ राहते ते बाटलीवर पाहून घ्या. टायर बसवण्याचे काम उबदार खोलीत करा आणि वाटेसाठी एक हलकी ट्यूब पिशवीत ठेवा.

उत्तरवाट

खोलीत टायर बसवून ६ पीएसआय भरून बाहेर पडलो तर तोच दाब टिकेल का?

रुंदचाक

टिकणार नाही. दाबमापक दाखवतो तो वातावरणाच्या दाबापेक्षा अधिक असलेला दाब असतो. समुद्रसपाटीवर वातावरणाचे १४.७ पीएसआय धरले तर टायरमधला एकूण दाब २०.७ झाला, आणि थंडीने आकसतो तो हा एकूण दाब. खोलीतल्या २० अंशांवरून उणे २० मध्ये गेल्यावर तो सुमारे १७.९ होतो, वातावरणाचे १४.७ वजा केले की मापकावर ३.२ उरतात. उणे ३० मध्ये जेमतेम अडीच उरतील आणि रिम प्रत्येक ढेकळावर आपटेल. रस्त्यावरच्या ८० पीएसआयच्या टायरमध्ये उणे २० ला ही घट शेकडा १६-१७ च असते, म्हणून तिथे ती फारशी जाणवत नाही. इथे निम्मी हवा गेल्यासारखे होते.

त्यामुळे घरातून निघताना ९-१० पीएसआय ठेवा, सायकल अर्धा तास बाहेर उभी करा आणि मग हवा सोडत सोडत हव्या त्या दाबावर या. गारठलेल्या हातांनी पंप मारण्यापेक्षा हवा सोडणे कितीतरी सोपे आहे. दाबलेल्या वाटेवर ६ पासून सुरुवात करा आणि मागे वळून आपला ठसा पाहा. खोल चर पडत असेल तर आणखी सोडा. पुष्कळ ठिकाणी वाटांची निगा राखणारे लोक किमान ३.८ इंची टायर आणि १० पीएसआयपेक्षा कमी दाब असा नियमच ठेवतात, तो याच चरांमुळे.

मोठ्या पंपावरचा १६० पीएसआयपर्यंतचा मापक ४ आणि ६ मधला फरक दाखवू शकत नाही. ० ते १५ पीएसआयचा वेगळा छोटा मापक घ्या आणि तो भागांच्या यादीत टायरच्या लगेच खाली लिहा.